रावणाच्या लंकेतल्या इंग्रजी पाट्या

शिमग्यात रामायणाचे खेळ करणाऱ्या मांडवीच्या नमन मंडळाकडे लंकेचा जो पडदा आहे, त्यावर आभाळाला टेकलेल्या इमारती आहेत, उडत्या मोटारी आहेत आणि समुद्राच्या बाजूला लाल दिव्यांची, चक्क इंग्रजीत, हॉटेलची पाटी आहे. तो पडदा बघत मोठ्या झालेल्या दोन पिढ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. रावण एवढा विद्वान, त्याला इंग्रजी येत असणारच. आणि ज्याच्या दारात पुष्पक विमान, त्याच्या गल्लीत चार उडत्या मोटारी असल्या तर कुठं बिघडलं?

पडदा रंगवला शिवा पेंटरने, मिसरूड फुटायच्या वयात. पुढे जन्मभर त्याने होड्यांवर नावं रंगवली आणि हात थरथरायला लागले तेव्हा ब्रश ठेवला. आता मंडळाचा नवा सेक्रेटरी भावेश पडदाच उतरवायला निघाला होता.

"काका, राग मानू नका," भावेश म्हणाला. "पण हे जपानी कार्टूनमधलं शहर आहे. तुमच्याच मृणालीने सांगितलं. यंदा आपला खेळ मोबाईलवर जगभर दिसणार. लोक हसतील. मागे एलईडी स्क्रीन लावू, त्यावर सोन्याची लंका."

"कार्टूनमधलं आहे हे मी लपवलं कधी?" शिवा म्हणाला. "पण आहे ती लंकाच."

"कशावरून?"

तो कार्टूनचा सिनेमा अर्धाच पाहिलेला माणूस सांगणार काय?

हर्णेच्या एका खलाशाने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून ती कॅसेट आणली होती. व्हिडिओ सेंटरमध्ये चटईवर शिवा आणि शेजारी पेटीवाला विठू. भाषा कुणालाच कळत नव्हती, ही मोठीच सोय. नुसतं बघायचं आणि ऐकायचं. पाण्यात उभं असलेलं ते झगमगतं शहर, उदास डोळ्यांचा एक विमानवाला, आणि मागे सॅक्सोफोन. विठूने शिवाचं मनगट गच्च धरलं. "ऐक मेल्या, ऐक!" आणि नेमके लाइट गेले. आले तोवर लोकाग्रहास्तव मारामारीचा हिंदी सिनेमा लागला होता. कॅसेट खलाशाबरोबर परत बोटीवर गेली.

घरी जाताना शिवा म्हणाला, "हे शहर जळणार बघ. एवढा माज दिव्यांना बरा नव्हे." विठू म्हणाला, "छट्! तो विमानवाला होडीत बसून घरी जाणार." हे भांडण त्यांनी आयुष्यभर चहाबरोबर चालवलं. शिवाने त्या शहराची लंका केली. विठूने सॅक्सोफोनची चाल रावणाच्या प्रवेशाला पेटीवर बसवली. अर्धी सिनेमातली आणि लाइट गेल्यामुळे पुढची अर्धी स्वतःची. गेल्या शिमग्यानंतर विठू गेला. भांडण तसंच राहिलं.

मुंबईत अॅनिमेशन शिकणारी शिवाची नात मृणाली सुट्टीवर आली होती. चूक आपल्याच तोंडून झाली म्हणून तिनेच तोडगा काढला. तो सिनेमा तिच्या लॅपटॉपवर होता. अख्खा बघा आणि मग ठरवा. भावेश कबूल झाला. मंडळाच्या अध्यक्ष यमुनाबाई दुपारचा मासळीबाजार आटपून, टोपली दारात ठेवून पुढच्या खुर्चीत बसल्या.

"ही इमारत न्यूयॉर्कची वाटते ना?" मृणाली दाखवत होती. "ते कॅफे पॅरिसचे. सॅक्सोफोन पण पश्चिमेकडचाच. जपानी चित्रकारांवर तिकडचा फार प्रभाव होता, आजोबा."

"म्हणजे त्यांनी पण उतरवलंच गो?"

"त्याला प्रभाव म्हणतात."

"आणि मी केलं त्याला?"

"कॉपी," मागून भावेश म्हणाला.

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं होतं, इम्पोर्टेडला जास्त भाव फक्त सामानातच मिळतो."

सॅक्सोफोन सुरू झाला. जिथे लाइट गेले होते ती जागा आली, तसा शिवाने नकळत वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. चाल पुढे सरकली आणि भलतीकडेच वळली. शिवाचं मनगट मात्र मोकळंच होतं.

शेवटी शहर पेटलं. इमारती, मोटारी, हॉटेलची पाटी, सगळं धडाधडा जळालं आणि समुद्र लाल झाला. त्या लाल पाण्यातून एक छोटी होडी निघाली. होडीत विमानवाला होता. घरी चालला होता.

"मेला जिंकला," शिवा पुटपुटला. मग नाक शिंकरून म्हणाला, "मी पण जिंकलो."

यमुनाबाई उठल्या. "पाण्यातलं शहर, वर विमानं, शेवटी आग. आणखी लंकेला काय शिंगं असतात रे भावेश? पडदा राहील."

भावेश दिलदार पोरगा. हरल्यावर मदतीला आला. शिवाने पडद्याच्या कोपऱ्यात थरथरत्या हाताने एक होडी रंगवली आणि होडीवर नाव घातलं, विठू. भावेश रंगाचा डबा धरून उभा होता.

"काका, आता मूळ चाल पूर्ण मिळाली. रावणाला तीच वाजवू या?"

"नको. विठूचीच वाजवा."

"पण सिनेमात पुढची चाल तशी नाही."

"नसणारच," शिवा होडीला पांढरी रेघ ओढत म्हणाला. "त्यांच्याकडे लाइट कुठे गेले होते?"