एका बांधणीतले दोन रुसलेले

मित्रांनो, माझ्या पोटात दोन तरुण राहतात आणि दोघांनाही माणसं नकोशी झालेली आहेत. मी नाशिकच्या एका छोट्या वाचनालयातलं बांधीव पुस्तक. खरं तर मी दोन कादंबऱ्या आहे. दोन्ही बारीक, दोन्हींची शिवण उसवलेली. म्हणून भद्रकालीतल्या मोतीराम बाइंडरने आम्हांला एकत्र शिवलं, खळ लावली, वर निळं कापड चढवलं. काम मजबूत केलं हो त्याने. फक्त पाठीवर नाव घालताना दुसऱ्या कादंबरीचं नाव राहून गेलं.

त्यामुळे झालं असं, की लोक पहिली कादंबरी वाचून मला परत करू लागले. तिच्यातल्या गोविंदची खूप वाहवा झाली. कॉलेजच्या मुलांनी त्याच्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. त्याला घर खोटं वाटतं, मित्र खोटे वाटतात, लग्नाच्या पंगती खोट्या वाटतात. शेवटी एका दुपारी तो कोणालाही न सांगता निघून जातो. दुसरीतला नवनाथ मात्र मागे तसाच पडून राहिला. त्याच्या पानांवर बोटाचा डागही नव्हता.

मग संतोष आला. पिंपळगाव बसवंतचा मुलगा, इथे खोली घेऊन कॉलेज करत होता. त्याची आई कुसाबाई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. तो रोज कोपऱ्यातल्या टेबलाशी बसे, कोणाशी बोलत नसे. एके दिवशी सकाळी त्याने मला काउंटरवर ठेवलं आणि सुधाकाकूंना सांगून टाकलं, की गोविंदचं आपल्याला पूर्ण पटलं. परीक्षेआधीच आपणही निघणार. कुठे, ते ठरलेलं नाही. घरी कळवायचं नाही.

सुधाकाकू आमच्या ग्रंथपाल. काळारामाचं दर्शन झाल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. रोज पोथीचा अध्याय, आणि आवाज इतका हळू, की पेपर वाचणारे आजोबा कान पुढे करून ऐकतात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोथी मध्येच सोडून आम्ही उठत नाही, तूही पुस्तक पुरं कर. त्यांनी मला उघडून नवनाथचं पहिलं पान त्याच्यापुढे धरलं.

तो आधी उभ्याउभ्याच वाचू लागला, मग बसला. काकूंचा उपवास होता. दुपारी त्यांनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने मान वर न करता सगळी खिचडी संपवली.

वाचून झाल्यावर तो खुशीत म्हणाला, "काकू, हा पण घर सोडून गेलाच की. दोघं सारखेच."

"जातात दोघंही. पण गोविंद निघतो तेव्हा त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं, ते त्याला दिसतसुद्धा नाही. नवनाथ बापासमोर उभा राहून सांगतो, मार खातो आणि मग जातो."

"मार खाऊन काय मिळालं त्याला?"

"ते तूच सांग. आणि मघाशी खिचडी कोणाची खाल्लीस, तेही सांग."

संतोषने रिकाम्या डब्याकडे पाहिलं. माझ्यावर ठेवलेला त्याचा हात मला जड लागला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"आई, मी परीक्षेला नाय बसणार. कॉलेज पण सोडतोय."

पलीकडून कुसाबाईचा आवाज असा चढला, की आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"बोल तू. शिव्या दे. मी फोन नाय ठेवत."

आणि खरंच, त्याने बराच वेळ ठेवला नाही. शेवटी तिने सांगितलेलं मलाही ऐकू आलं, "जायचं तं जा. पण आधी घरी ये अन् माझ्या तोंडावर सांग."

संध्याकाळच्या गाडीने तो पिंपळगावला गेला. त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. आता पॅकहाउसमध्ये पेट्या उचलतो, पुढचं ठरवतो आहे. मधूनच इथे येतो आणि गोविंदच जास्त खरा म्हणून काकूंशी वाद घालतो. काकू हसतात, पण आपलं म्हणणं सोडत नाहीत.

मित्रांनो, माझी पाठ आता सैल झाली आहे. मला चिकटपट्टी लावू नका, तिने कागद पिवळा पडतो; चांगली खळ लावा. आणि सोयीसाठी म्हणून कात्री लावून आम्हांला वेगळं करू नका. या दोघांचं एकमेकांशी कधी पटायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकाचं ऐकून जो निघायला उठतो, त्याला दुसरा शेजारीच सापडायला हवा.