दुसरी गोळी

थोरल्यांनी पिस्तूल काउंटरवर ठेवलं ते तोंड बातमास्तरच्या पोटाकडे करून. मग खिशातून एक रिकामी पुंगळी काढून त्याच्या शेजारी उभी केली. पुंगळीच्या कडेला चिमटा बसल्यासारखा पोचा होता.

"काल दुसरी गोळी सुटली नाही," ते म्हणाले. "धाकटा गेला."

बातमास्तर हत्यारं दुरुस्त करायचा. बाता मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव पडलं होतं आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. एकदा म्हणे त्यानं सायकलच्या तारेनं तोफ उघडली होती. एकदा त्याची गोळी भलत्याच माणसाच्या दारात पोचली, चूक लक्षात आली तशी वळली आणि शेजारी पत्ता विचारून पुढे गेली. हे सांगताना तो कधी हसायचा नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

आज मात्र पोटासमोर नळी होती.

कोळशाच्या वखारीत काय झालं ते उजव्यानं थोडक्यात सांगितलं. उजवा म्हणजे टोळीतला थोरल्यांचा उजवा हात. जातीचा डावखुरा, पण नाव पडलं ते पडलं. थोरल्यांच्या पहिल्या गोळीनं समोरच्या एकाचा जबडा उडवला. दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसता ओढलाच गेला. समोर दुसरा होता, त्यानं चार झाडल्या. चारही धाकट्या भावाला लागल्या. तो कोळशाच्या ढिगावर तोंडघशी पडला. कोळशावर रक्त दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं. त्यामुळे तो गेला हे कळायलाही वेळ लागला.

"पिस्तूल तू दुरुस्त केलंस," थोरले म्हणाले. "काडतूस तुझ्या जावयानं भरलं. हात माझा. तिघांपैकी एकाची चूक. कुणाची?"

असली चौकशी त्यांनी मागे एकदा केली होती, जीपचा ब्रेक लागला नाही तेव्हा. मेस्त्री म्हणाला, ब्रेक ठीक आहे. थोरल्यांनी त्याला उतारावर हातपाय बांधून झोपवलं आणि त्याच जीपनं ब्रेक पुन्हा तपासला. ब्रेक ठीक नव्हता.

मागल्या खोलीतून खट्... खट् असा आवाज येत होता. बंद दाराआड जावई काडतुसं भरण्याच्या यंत्राचा दांडा ओढत होता. दर खटक्याला एक. दुकानात कोण आलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तसंच राहिलं तर बरं, असं बातमास्तरला वाटत होतं.

खरं उत्तर त्याला पुंगळी बघताच कळलं होतं. थोरल्यांचं जुनं पिस्तूल सगळं पोलादी होतं, विटेसारखं जड. साठी उलटल्यावर ते कमरेला टोचायला लागलं, म्हणून त्यांनी हे हलक्या धातूच्या सांगाड्याचं घेतलं. हलक्या सांगाड्याला कडक दारू सोसत नाही, तडे जातात. म्हणून जावई त्यासाठी मुद्दाम मऊ काडतुसं भरायचा. मऊ काडतूस पिस्तुलाची वरची स्लाइड जेमतेम मागे ढकलतं, आणि त्या क्षणाला मनगट घट्ट लागतं. मनगट लवलं, की धक्का हातातच जिरतो, स्लाइड अर्ध्या वाटेवरून परतते आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडच्या दारातच अडकते, धुराड्यासारखी उभी. सांगाडा मऊ, काडतूस मऊ, मनगट मऊ. यातलं एक मऊ चालतं. दोन मऊ चालतात. तिसरं चालत नाही.

आणि मघाशी दुकानाच्या दाराची मूठ थोरल्यांना फिरवता आली नव्हती. उजव्यानं फिरवली होती.

"आधी झाडून बघू," बातमास्तर म्हणाला. "आजाऱ्याला न तपासता औषध कसं देणार?"

कोपऱ्यात वाळूनं भरलेलं पिंप होतं. त्यानं जावयाचीच काडतुसं भरली, हात ताठ केला आणि आठच्या आठ झाडल्या. आठ पुंगळ्या टणटणत फरशीवर सांडल्या. मागल्या खोलीतला दांडा एकदाही अडखळला नाही. या घरात गोळीचा आवाज म्हणजे शेजारच्या घरातला खोकला.

"मामा, चालली का?" आतून जावयानं विचारलं.

"चालली! आठ घातल्या, नऊ सुटल्या. नववी कुणाची ते शोधतोय."

आतून हसण्याचा आवाज आला, मग पुन्हा खट्.

थोरले हसले नाहीत. "म्हणजे पिस्तूल ठीक. काडतूसही ठीक."

बातमास्तरला आपली चूक तेव्हा कळली. तिघांतले दोघे त्यानं वाचवले होते. उरला होता तिसरा, आणि तिसऱ्याचं नाव घेऊन या दुकानातून कुणी जिवंत सुटलं नसतं.

थोरल्यांनी पिस्तूल ओढून घेतलं. आठ काडतुसं पुन्हा भरायला लावली. पिंपासमोर उभे राहिले, पाय फाकवून, वीस वर्षांपूर्वी उभे राहायचे तसे. पहिली सुटली. पिस्तुलानं उसळी घेतली तशी त्यांचं मनगट वाऱ्यावरच्या दोडक्यासारखं वर गेलं. पुंगळी दारात उभी.

न बघता त्यांनी पिस्तूल मागे धरलं. पंचवीस वर्षांची सवय होती ती. अडकलं की बातमास्तरच्या हातात द्यायचं, त्यानं मोकळं करून परत द्यायचं. त्यानं पुंगळी झटकली, पुढचं काडतूस नळीत जाऊ दिलं आणि परत दिलं.

तेवढ्यात उजवा नाकातून हसला. मोठ्यानं नाही. चहात माशी बघून हसावं तेवढंच.

थोरल्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "बोल," ते बातमास्तरला म्हणाले.

"थोरले, दोष हातात आहे."

"कुणाच्या?"

बातमास्तरनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. आयुष्यात त्याला कधी शब्द कमी पडला नव्हता. वाक्य पुरं करायला आता एकच लागत होता.

"उजव्या," तो म्हणाला, आणि आधीचा 'तुमच्या' हा शब्द गिळून टाकला.

थोरले वळले. दुकान लहान होतं, चुकायला जागाच नव्हती. गोळी उजव्याच्या गळ्याखाली शिरली आणि मागच्या अवजारांच्या फळीवर शिंतोडे उडाले. तो भिंतीला टेकून खाली बसत गेला, कुणी खुर्ची सरकवेल अशा भरवशानं. डावा हात कमरेच्या पिस्तुलाकडे निघाला. थोरल्यांनी पुन्हा चाप ओढला. नुसता ओढला गेला. पुन्हा ओढला. उजव्याचा हात पट्ट्यापर्यंत पोचला, दोन बोटं हलली आणि तिथंच राहिली. तोंडातून फेस आला, आधी गुलाबी, मग लाल. हसण्याची घडी ओठांवर तशीच होती.

आत दांडा चालू होता. खट्. खट्.

थोरल्यांनी हातातल्या पिस्तुलाकडे पाहिलं. दारात पुंगळी उभी होती. त्यांनी बराच विचार केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर, जड सामान जिना चढावं तसा चढताना दिसला.

"हात गेला," ते शेवटी म्हणाले. "तरी अडकतंय. म्हणजे काडतूसच."

बातमास्तरची नजर आतल्या दाराकडे गेली.

"जावयाला बाहेर बोलाव."

"कामात आहे तो, थोरले."

"बोलाव. तुझ्या पोरीला बघायचं असेल तर तीही येऊ दे." पोर म्हणजे जावयाची बायको. हे बोलून त्यांनी न बघताच पिस्तूल मागे धरलं. नजर आतल्या दारावर होती. "आणि हे काढ आधी."

बातमास्तरनं ते घेतलं. हलकं होतं, हातात असल्यासारखं वाटत नव्हतं. त्यानं स्लाइड पूर्ण मागे ओढली. पुंगळी टण् करून फरशीवर पडली आणि गडगडत उजव्याच्या बुटाला जाऊन टेकली. त्यानं स्लाइड सोडली. पुढचं काडतूस निमूटपणे नळीत गेलं. थोरल्यांचा पंजा त्याच्यासमोर उघडा होता, वाट बघत.

बातमास्तरनं मनगट ताठ केलं.

दोन आवाज झाले, एकाला लागून एक. दोन पुंगळ्या उडाल्या, काउंटरवरून टणटणत खाली गेल्या. मग थोडा वेळ फरशीवर काहीतरी घासल्यासारखं झालं, आणि तेही थांबलं.

आतला दांडा खट् करून वर गेला आणि नेहमीसारखा खाली आला.

"मामा," जावयानं विचारलं, "दुसरी चालली का?"

तो वाट बघत राहिला. एवढ्या प्रश्नावर निदान एक तोफ आणि पत्ता विचारणाऱ्या दोन गोळ्या तरी यायला हव्या होत्या.

"चालली," बातमास्तर म्हणाला.