शिंप्याचा सातपदरी दोरा

व्होल्गाकाठच्या त्या कॅडेट शाळेचे जनरलसाहेब इतके कडक, की ते दालनात शिरले की भिंतीवरचं घड्याळसुद्धा टिकटिक थांबवून ताठ उभं राहायचं. खोटं वाटत असेल तर शाळेच्या म्हाताऱ्या शिंप्याला, झोसिमाला विचारा. रोज त्या घड्याळाला पुन्हा किल्ली तोच द्यायचा.

झोसिमाने उभा जन्म पोरांच्या खांद्यांवर पट्ट्या शिवल्या. ज्याचं नाव शाळेच्या पटावरून काढलं, त्याच्या पट्ट्या सगळ्या शाळेसमोर, ढोल वाजत असताना कापायच्या, हे कामही त्याच्याच कपाळी. आजवर सतरा पोरं झाली. अठरावा येर्मोलाय.

शाळेच्या कारभाऱ्याच्या टकलावर लापशीचा वाडगा कुणी उपडा केला, हे सगळ्या पोरांना ठाऊक होतं. ग्लेबने. येर्मोलाय शेजारी बसून फक्त खदाखदा हसला आणि पकडला गेला. पण सोबत्याचं नाव घ्यायचं नाही, हा पोरांचा कायदा. ज्याने केलं त्याने आपण होऊन पुढं यावं, तेही ढोल थांबायच्या आत. ढोल थांबला की सगळं संपलं.

"सांगून टाक की रे," पट्ट्या कापायच्या आदल्या दुपारी झोसिमा येर्मोलायला म्हणाला. "बाप लढाईत गेला म्हणून फुकट शिकतोयस. इथून हाकललं तर आईला काय तोंड दाखवशील?"

"ग्लेब येईल पुढं, आजोबा."

"आणि नाही आला तर?"

पोर कोटाचं बटण पिळत राहिलं.

झोसिमाने त्याचा कोट 'बटण लावतो' म्हणून ठेवून घेतला. बूट शिवायचा मेणाचा दोरा सातपदरी केला, आत तांब्याची तार पिळली आणि पट्ट्या पुन्हा शिवल्या. त्या शिवणीला अस्वल बांधलं असतं तर अस्वल तुटलं असतं. कात्री जितकी अडेल तितका ढोल लांबेल, आणि ढोल लांबला की ग्लेबला लाज वाटेल, एवढाच म्हाताऱ्याचा हिशेब.

सकाळी बर्फात रांगा लागल्या. ढोल सुरू झाला. झोसिमा कात्री रेटत राहिला, रेटत राहिला. कडकन पातं मोडलं.

"पट्ट्या कापतोयस की देवदार तोडतोयस, रे म्हाताऱ्या?" जनरल गुरगुरले.

"हुजूर, सरकारी माल आहे. चिवटच असणार."

रांगेत ग्लेब पांढराफटक पडला होता. ढोल काही थांबेना. शेवटी तो धडपडत पुढं आला. "वाडगा मी उपडा केला!"

झोसिमाच्या जिवात जीव आला.

जनरलांनी हुकमाचा कागद उलगडला. "यात नाव एकच आहे. हुकूम राजधानीहून सही होऊन आलाय. मागे हो, गाढवा." मग त्यांनी येर्मोलायकडे बोट केलं. "कात्री चालत नाही ना? मग कोटच उतरवा."

आधीच्या सतरा जणांच्या अंगावर बिनपट्ट्यांचा का होईना, कोट तरी होता. अठरावा नुसत्या सदऱ्यात फाटकाबाहेर पडला, झोसिमाच्या शहाणपणापायी. म्हातारा धापा टाकत मागे धावला आणि त्याने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट पोराच्या अंगावर टाकला.

"लेकरा, मला वाटलं होतं..."

"दोरा पक्का होता, आजोबा," येर्मोलाय दात वाजवत म्हणाला आणि चालू लागला. कोट टाचांपर्यंत लोळत होता.

मागे मैदानात ढोल वाजतच होता. थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.