संपूर्ण संच, एक नग

ऑडिटचा आक्षेप क्रमांक सात वाचून मला हसू आलं नाही, रागही आला नाही. नुसता थकवा आला. अठ्ठावीस वर्षं मी सावली गावाजवळच्या आमच्या जंगल कामगार संस्थेचा सचिव आहे. ऑगस्टमध्ये नोकरीतून सुटतो. इतकी वर्षं ऑडिटला खुलासे लिहून लिहून माझी घरातली बोलीही बिघडली आहे. बायको विचारते, भाजी कशी झाली, आणि मी म्हणतो, समाधानकारक.

आक्षेप असा होता. मागच्या ऑक्टोबरात संस्थेने साग तोडायला चेनसॉ घेतला, एकसष्ट हजार पाचशेला. तोच चेनसॉ, तोच मॉडेल नंबर, स्वीडनमधल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर आपल्या रुपयांत एकोणचाळीस हजारांना दिसतो. तरी फरकाचे साडेबावीस हजार सचिवाकडून वसूल का करू नयेत?

"काका, मी मुद्दाम नाही हो शोधलं," ऑडिटच्या पुनम मॅडम म्हणाल्या. नागपूरहून कालच आलेल्या, तिशीच्या आतल्या, बोलायला गोड. "मोबाइलवर नंबर टाकला तर हेच समोर आलं. मशीन एक आणि देश बदलला की भाव वेगळा. मला वर काहीतरी कारण लिहावं लागेल ना?"

कारण मिळालं नाही तर वसुली. वसुली लागली की ना-देय दाखला अडतो, दाखला अडला की ग्रॅच्युइटी अडते. माझ्या आधी सुटलेले दोघं अजून चकरा मारतात, हे मी रोज पाहतो.

दारात स्टुलावर इसरू बसला होता, डावा पाय लांब करून. तो पाय आता गुडघ्यात वाकत नाही. जानेवारीपर्यंत इसरू आमचा मशीनवाला होता. म्हणाल त्या बाजूला झाड झोपवायचा, शेजारच्या रोपट्याला धक्का लागायचा नाही. जानेवारीत पाथरीकडच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पाडलेल्या सागाच्या फांद्या छाटताना मशीन उसळलं आणि मांडीवर आलं. गडचिरोलीला नेलं म्हणून पाय तरी राहिला. संस्थेने मग त्याला दया म्हणून शिपायाच्या कामावर घेतलं, आणि तो त्याबद्दल माझे आभार मानतो.

मी चंद्रपूरला प्रफुलला फोन लावला. मशीन त्याच्याच दुकानातून घेतलं होतं. मॅडमना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आता काय सांगू भाऊ," प्रफुल म्हणाला. त्यालाही हा प्रश्न नवा नव्हता. "जहाजाचं भाडं, विमा, कस्टम, मंग आपला टॅक्स. मुंबईवाला त्याचे घेते, नागपूरवाला त्याचे घेते, मंग मी. तिकडं एक दुकानदार वर्षाले पाचशे मशीन विकते. मी पाच विकतो. अन् तुमच्या बिलात दोन चेन अन् सालभराची सर्व्हिस पकडली हाये."

मॅडम लिहून घेत होत्या. तेवढ्यात दारातून इसरू म्हणाला, "प्रफुलभाऊ, तिकडच्या मशीनवाल्याले हे मशीन किती रोजीत पडते?"

"तीन. लय झालं तं चार."

"अन् मले?"

प्रफुलने हिशेब केला. "साडेचार महिने धर."

"एवढे दिस तं कूपच चालते," इसरू म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला फक्त माहिती हवी होती.

मॅडमची बेरीज झाली. "हे सगळं धरून आठ हजार सातशे होतात, काका. तेरा हजार आठशे तरी उरतातच."

"अरे भाऊ, थे तं त्या संचातल्या..." प्रफुल बोलू लागला आणि मी फोन कापला.

"रेंज गेली," मी म्हणालो.

त्या तेरा हजार आठशेंचं उत्तर मला पाठ होतं. ते माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होतं.

बिलावर लिहिलं होतं, 'चेनसॉ, संपूर्ण संच, एक नग'. त्या संचात एक पँट होती. जाड, नारिंगी पट्ट्यांची, आत बारीक धाग्यांचे थर. चालती चेन कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन तिच्यात गुंततात आणि मशीन जागीच थांबतं. प्रफुलनेच समजावलं होतं: तिकडे ही पँट प्रत्येकाकडे आधीच असते, तिच्याशिवाय जंगलात कामाला उभंच करत नाहीत, म्हणून मशीनच्या भावात ती धरत नाहीत. इथे कोणाकडेच नसते. घेऊन टाका, भाऊ. मी घेतली. माप कळवायचं होतं आणि इसरूला स्वतःचं माप ठाऊक नव्हतं. मी फायली बांधायची सुतळी त्याच्या कमरेला लावली, मग कमरेपासून घोट्यापर्यंत, आणि गाठी मारल्या.

"भाऊ, वर्दी येऊन राह्यली काय?" त्याने हसून विचारलं होतं. सुकरीला, म्हणजे आपल्या बायकोलाही त्याने सांगितलं होतं म्हणे.

"येईल," मी म्हणालो.

आली. मी ती डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवली आणि कपाटात ठेवली.

का ठेवली? फार वर्षांपूर्वी मी एक ताडपत्री कूपावर दिली होती. ती फाटली. फाटलेली ताडपत्री रजिस्टरवरून कमी करायला सहा वर्षं पत्रव्यवहार केला आणि शेवटी पैसे माझ्याच पगारातून गेले. तेव्हापासून महागाची वस्तू मी बाहेर काढत नाही. कपाटातली वस्तू फाटत नाही, हरवत नाही, तपासणीला हजर असते. इसरूने वर्दीचं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "बघू" म्हणालो. उन्हात एवढं जाड कोण घालणार, अशीही मनाची समजूत काढली. तो जखमी झाला तेव्हा मात्र कडाक्याची थंडी होती.

आता एक तर गप्प राहून तेरा हजार आठशे खिशातून भरायचे, नाहीतर इसरूच्या देखत कपाट उघडायचं. मला दोन्ही नको होतं. मला फक्त ऑगस्टमध्ये घरी जायचं होतं.

"इसरू," मी म्हणालो, "मॅडमसाठी चहा आण. बसस्टँडजवळच्या हॉटेलातून आण, तिथला बरा असतो."

समोरच टपरी होती. पण बसस्टँडला जाऊन यायला त्या पायाने त्याला अर्धा तास लागतो. मी हे मोजून बोललो. बोलताना लाज वाटली, तरी बोललो. तो किटली घेऊन निघाला.

मी कपाट उघडलं. पँट प्लास्टिकमधून काढून टेबलावर पसरली, सोबत आलेलं दुकानाचं चलन दाखवलं. पुनम मॅडम खूश झाल्या. त्यांनी कापडाखाली हात घालून थर चाचपले, मोबाइलवर पँटचा भाव पाहिला, तो जुळला.

"किती छान ठेवलीय हो, काका! घडीसुद्धा मोडली नाही. नाहीतर लोक वस्तूंची पार वाट लावतात."

दहा मिनिटंही झाली नव्हती आणि दारात किटली वाजली.

"मुखरूची गाडी भेटली, त्यानंच नेलं अन् आणून सोडलं," इसरू म्हणाला. मुखरू म्हणजे आता त्याच्या जागी मशीन चालवणारा. मग त्याची नजर टेबलावर गेली. "हे काय होय, मॅडम?"

मॅडमना त्याच्या पायाचं कोणी सांगितलं नव्हतं. "ही मशीनवाल्याची पँट, दादा," त्या उत्साहाने म्हणाल्या. "ही घातली आणि चुकून मशीन मांडीवर आलं ना, तरी पाय कापत नाही. तुमच्या साहेबांनी ऑक्टोबरातच आणून ठेवलीय."

इसरूने किटली खाली ठेवली. हात शर्टाला पुसले. पँटची कंबर दोन्ही हातांनी धरून आपल्या कमरेला लावली आणि खाली वाकून पाहिलं. खालची शिवण त्याच्या घोट्यापाशी आली होती.

"माप बराबर घेतलं होतं भाऊ तुमी," तो म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तीन महिने तो मला सांगत आला होता, चूक माहीच होय भाऊ, पाय तिकडं ठेवाले नाई पाह्यजे होता. आणि तीन महिने मी मान हलवत आलो होतो.

मॅडमनी आक्षेप सातपुढे लिहिलं: वस्तू प्रत्यक्ष पाहिली, सुस्थितीत आहे, आक्षेप निकाली. "झालं काका, सुटलात तुम्ही," म्हणत त्यांनी पुढची फाइल ओढली.

इसरूने पँटची घडी केली. प्लास्टिक टेबलावरच राहू दिलं.

"हे आता कपाटात नोका ठेवू, भाऊ. मुखरू उद्या कूपात जाऊन राह्यला. थो बाहेरच उभा हाये, देऊन येतो."

"रजिस्टरवर सही लागेल," मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. जीभ हासडून टाकावी असं वाटलं.

तो थांबला. "माही चालते काय?"

मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे केलं. पँटच्या नोंदीसमोर 'कोणास दिली' हा रकाना ऑक्टोबरपासून कोरा होता. इसरूने पेन घेतलं आणि उभ्यानेच, एकेक अक्षर जुळवत, त्यात आपलं नाव लिहिलं. मग पेन शेजारच्या रकान्यावर नेऊन थांबला.

"तारीख कोणती टाकू, भाऊ?" त्याने विचारलं.