सतरा क्रमांकाची प्रत

मी एक हार्ड डिस्क. सध्या खाकी लिफाफ्यात, लाखेच्या मोहोरेखाली पडून आहे. दुःख म्हणावे असे काही जाणवत नाही. थंडीत बोटे बधिर व्हावीत, तसे झाले आहे.

जिथे धुळीचा कणही परवानगीवाचून आत येत नसे, अशा कारखान्यात मी जन्मले. तिथून एका संकलक बाईंच्या टेबलावर आले. चित्रित तुकड्यांतून नेमके निवडून, जोडून त्या मालिकेचे भाग सिद्ध करीत. अकरा वर्षे त्यांनी साहाय्यक म्हणून काढली होती. संकलक म्हणून ही त्यांची पहिलीच मालिका. पाणी प्यायला उठल्या, तरी मला खणात ठेवून कुलूप लावीत.

तिथे एक शिस्त होती. प्रसारणापूर्वी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत, ती नेणाऱ्याचा क्रमांक एखाद्या दृश्यात क्षणभर, बारीक अक्षरांत उमटवला जाई. हे काम बाईंचेच होते. त्यांचा स्वतःचा क्रमांक सतरा.

घरी त्यांचे आजारी वडील असत. त्यांना भेटायला येणारे बाईंचे मामा इंटरनेटवरून चोरून उतरवलेल्या मालिका घेऊन येत.

"मामा, ही चोरी आहे."

"अगं, तुझं घड्याळ नेलं तर चोरी. इथं तुझंही तुझ्याकडे, माझंही माझ्याकडे!"

"मग माझी मानदुखीही घ्या की थोडी उतरवून."

"दाजी, तुमची लेक वकील व्हायची राहिली बघा."

पुढे वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. ती गुरुवारी, आणि मालिकेचा शेवटचा भाग शनिवारी.

"तुझ्या मालिकेतली ती मुलगी शेवटी घरी परत येते का, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं," वडील भिंतीकडे पाहत म्हणाले.

"शनिवारी दोघं मिळून पाहू, बाबा."

"हो, हो. पाहू."

बुधवारी बाईंनी कोणाची परवानगी न घेता मला पर्समध्ये घातले. त्यापूर्वी माझ्यातील प्रतीत सतरा हा आकडा उमटवला. एक नियम मोडताना दुसरा मोडणे त्यांना जमले नाही.

वडिलांनी दुपारी तो भाग पाहिला. "छान जोडलंयस गं," एवढेच म्हणाले. बाई औषधे आणायला गेल्या आणि मामा आले. त्यांनी मला आपल्या लॅपटॉपला जोडले.

"अरे, तिला विचार तरी."

"घरातल्या घरात कसलं विचारायचं, दाजी? बायकोला दाखवतो नि पुसून टाकतो."

शुक्रवारी तो भाग सर्वत्र फिरत होता. निर्मात्यांनी विचारले, "सतरा कोण?"

"मी."

"कुणाला दिलीत?"

"प्रत मी नेली. माझंच नाव लिहा."

शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. रुग्णालयाच्या बाकावर मामा पुटपुटले, "अगं, मी एकालाच पाठवली होती."

"हो, मामा. प्रत्येकानं एकालाच पाठवली."

बाईंचे काम गेले. तक्रार झाली आणि मी जप्त झाले. तपासणीसाठी दोन अधिकाऱ्यांनी मला संगणकाला जोडले.

"साहेब, हा भाग मी पाहिलाय," धाकटा म्हणाला.

"शनिवारी?"

"...शुक्रवारी."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढे ढकल."

त्यांनी प्रसारित भाग आणि माझ्यातील भाग शेजारी शेजारी लावले. दृश्यामागून दृश्य जुळत गेले. फरक निघाला तो अखेरच्या नामावलीत. प्रसारित भागात 'संकलन' या शब्दापुढे कोणा दुसऱ्याचेच नाव होते. माझ्यात बाईंचे आहे. चोरीच्या प्रतींतच तेवढे ते उरले आहे.

अशा प्रती पुसल्या जाव्यात, हे न्याय्यच आहे. माझीही हरकत नाही. बाईंचीही नसेल. हुकूम निघेल, तेव्हा आपणां अधिकाऱ्यांपैकी कोणाच्या तरी हाती मी येईन. पुसण्यापूर्वी भाग शेवटपर्यंत जाऊ द्यावा, आणि ते एक नाव वाचावे. मोठ्याने वाचलेत, तर बरे.