तिसरी टोपी

सरका जरा पुढे, लांब बसून गोष्ट अंगाला लागत नाही. आज एका टोपीवाल्याची सांगतो.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणत, दुपारी गणित सोडवत बसली होती. 'दुकानदार साठला घेतलेली टोपी ऐंशीला विकतो. सेलमध्ये दोन टोप्यांवर एक फुकट. एका गिऱ्हाइकाने दोन टोप्या विकत घेतल्या. दुकानदाराला शेकडा नफा किती, की तोटा?'

तीन टोप्यांची खरेदी एकशेऐंशी, हाती आले एकशेसाठ. चिमणी 'तोटा' लिहिणार, तोच दार वाजलं. दारात गणितातला दुकानदार!

"बाळ, तेवढं नको गं लिहूस," त्याने हात जोडले. "तीस वर्षं पोरं मला बुडवतायत. यंदा तोटा आला की दुकानाला कुलूप."

आई मशीन न थांबवता म्हणाली, "आत या, पाणी घ्या. पुस्तक लिहिणाऱ्या गुरुजींना का नाही सांगत?"

"सांगितलं, वहिनी. म्हणाले, उत्तर शेवटच्या पानावर छापून गेलंय."

"मग सेल तरी बंद करा की!"

"गणितात लिहिलाय तो. मी कोण बंद करणारा?"

चिमणीने पेन्सिल चावली. "काका, खोटं मी लिहिणार नाही. पण त्या गिऱ्हाइकाला कुणी विचारलंय का?"

गिऱ्हाईक बिचारं जिन्यातच उभं होतं. एक टोपी डोक्यावर, दोन हातात.

"आजोबा, घरात डोकी किती?"

"दोन. मी आणि आमची ही."

"मग तिसरी कुणाला?"

आजोबांनी तिसरी टोपी उलटसुलट करून पाहिली. "फुकट होती म्हणून घेतली गं." मग त्यांनी टोपीवर फुंकर मारली आणि ती दुकानदाराच्या हातात ठेवली. "चुकलंच माझं."

"तीस वर्षं धरून हात दुखला असेल हो," आई म्हणाली.

चिमणीने लिहिलं : खरेदी एकशेवीस, विक्री एकशेसाठ, नफा शेकडा तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. दुकानदार वहीवरच रडला. आईने चिंधीने टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी लाल फुली मारली, खात्रीसाठी शेवटचं पान उघडलं, आणि मुकाट्याने फुली खोडत बसल्या. तिथे 'नफा' छापलेलं होतं. शाई अजून ओली. त्यांच्या बोटाला लागली.

दुकान चालू आहे, देवाची कृपा. टोपीवाल्याचं कौतुक झालं, चिमणीचंही झालं. आजोबांच्या वाट्याला गणितात ओळ एकच. पण हातात आलेलं फुकटचं सोडलं ते त्यांनी. तेवढी त्यांची आठवण ठेवा, बाबांनो.