जपूनरावांनी घालवलेली धार

आधी हात पुसा. ओल्या हाताने मला धरायचं नाही, बोलताना हवेत नाचवायचं नाही, आणि चमच्यांच्या खणात फेकायचं तर मुळीच नाही. मी या घरातली भाजी चिरायची सुरी. स्वभावाने जरा खट आहे, हे मीच सांगते, मागाहून कोणी सांगायला नको. तरी बसा. उद्या सकाळी मला कापडात गुंडाळून बाहेर नेणार आहेत. त्याआधी एका रविवारची हकिगत सांगून मोकळी होते. त्या दिवशी माझ्या हातून रक्त सांडलं, आणि ते मला अजून विसरता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची पट्टी लाल होईतो तापवली, तेलात बुडवली, पुन्हा हलकीशी तापवली, घासूनघासून धार काढली, लाकडी मूठ लावून तीन पितळी रिबिटा ठोकल्या आणि दिली पाठवून. दुकानातल्या काचेच्या कपाटात मी वर्षभर पडून होते. गिऱ्हाइकं यायची, रंगीत मुठी बघायची, चकाकी बघायची आणि नेमकी चार महिन्यांत वाकणारी सुरी घेऊन जायची. हातात धरून कोणीच बघत नव्हतं. मनातल्या मनात मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

मग एक दिवस आमच्या बाई आल्या. बाई घरी शिवणकाम करायच्या, तीस वर्षं कात्री हाताळलेली बाई. सोबत त्यांचे यजमान. त्यांचं खरं नाव शेजाऱ्यांनाही आठवत नाही, सगळे त्यांना जपूनराव म्हणतात. गॅसचं बटण तीनदा बघतील, कुलूप लावून चारदा ओढतील, आणि जिना उतरतानाच काय, चढतानासुद्धा मागच्याला "जपून हं!" म्हणतील.

"हा घ्या बारा सुऱ्यांचा संच," दुकानदार म्हणाला. "लाकडी ठोकळ्यासकट. ओट्यावर काय शोभतो!"

"बारा?" बाई म्हणाल्या. "हात दोनच आहेत मला. एक मोठी द्या, एक छोटी द्या, पावासाठी एक दातेरी. झालं घर."

मोठ्या सुरीसाठी मात्र त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. एक सुरी पुढून जड, एक कागदासारखी हलकी, एकीचं पातं मुठीत जेमतेम दोन बोटं शिरलेलं. माझं पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय हे त्यांनी नखाने चाचपून बघितलं. पातं आणि मूठ मिळतात तिथे बोटावर तोलून धरलं. मग फळीवर टेकवून चिरल्यासारखं केलं आणि मुठीखाली बोटं आपटत नाहीत ना, ते पाहिलं. डाव्या हाताची बोटं दुमडून त्यांच्या पेरांना माझं पातं टेकवलं. "उंच आहे पातं," त्या म्हणाल्या. "पेरांना धरून खालीवर होईल. बोटाला लागायचं नाही. हीच द्या."

जपूनरावांनी मला दुरूनच बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "जरा कमी धारेची नाही का एखादी?"

दुकानदार हसतच सुटला. बाई म्हणाल्या, "अहो, सुरी घ्यायला आलोय, उशी नाही."

अशी मी या घरी आले. खिडकीजवळ लाकडी खाचेत माझी जागा. रोज सकाळी बाई मला अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायच्या. नखावरून घसरले तर धार गेली, रुतले तर आहे. मग दिवस सुरू. वर्षं छान गेली. मी कधी कोणाला ओरखडासुद्धा काढला नाही, याचा मला गर्वच होता म्हणा ना.

मग बाईंचे डोळे बिघडले. नजरेच्या बरोबर मधे एक करडा डाग आला आणि तो वाढत गेला. समोर बघितलं की दिसायचं नाही, मान तिरकी केली की कडेकडेचं दिसायचं. शिवणयंत्रावर आच्छादन पडलं ते पडलंच. त्या दिवशी बाई यंत्राजवळ किती वेळ उभ्या होत्या, ते मी माझ्या खाचेतून बघितलं. स्वयंपाक मात्र त्यांनी सोडला नाही. चिरायला त्यांना डोळे लागतच नव्हते. दुमडलेली बोटं पुढे, पेरांना टेकलेली मी, आणि बोटं मागे सरकतील तशी मी मागे सरकणार. आमचं दोघींचं ठरलेलं होतं.

पण एकदा तापलेल्या झाकणावर त्यांचा हात पडला. फोड आला, एवढंच. जपूनरावांनी घाबरून लेकीला फोन केला आणि तिथून सगळं सुरू झालं.

लेक शाळेत मुख्याध्यापिका. घरात आली की आम्ही भांडीकुंडीसुद्धा रांगेत उभी राहायचो. ती म्हणाली, "आई, पुरे आता. उद्यापासून डबा लावते. गॅस बंद. नाहीतर दोघं माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? खिडकीत बसून मान वाकडी करून रस्ता बघू?" बाई म्हणाल्या. "शिवण गेलं माझं. आता हेही काढून घेतलंस तर मी उठायचं तरी कशासाठी?"

मग बाईंनीच तोडगा काढला. "रविवारी जेवायला ये. सगळं मी एकटी करते. तू नुसती बसून बघ. मला एक जरी इजा झाली, तर मी स्वतःच्या हाताने गॅस बंद करीन आणि तुझ्या डब्याला होय म्हणीन."

"ठरलं," लेक म्हणाली. जपूनरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

शनिवारी दुपारी बाई आंघोळीला गेल्या. जपूनराव ओट्याशी आले. मला खाचेतून काढलं. मला वाटलं, धुऊन ठेवतायत. त्यांनी मला उलटं केलं आणि माझी धार ओट्याच्या दगडी कडेवर टेकवून खसाखसा घासली. एकदा, दोनदा, दहादा! अहो, काय करताय, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मी पडले सुरी. आम्हाला तोंड कुठलं?

"माफ कर गं," ते पुटपुटले. "उद्या तिला लागायला नको. बोथट असलीस म्हणजे कापणार नाहीस."

इथे मला या माणसाचा राग यावा की कीव यावी, कळेना. सगळी माणसं हीच चूक करतात. धारदार सुरी जिथे ठेवाल तिथेच उतरते. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ती सालीवरून सटकते. सटकली की कुठे जाईल, ते तिलाही माहीत नसतं. उद्या बाईंचा हात कापला तर तो माझ्यामुळे कापणार, हे मला दिसत होतं. मला धुऊन, पुसून त्यांनी जागेवर ठेवलं. वर "शहाणी आहेस" असंही म्हणाले.

रविवार उजाडला. नखावर टेकवा, बाई, नखावर टेकवा, एवढाच मी जप करत होते. बाई खाचेकडे हात नेतायत तोवर दारावरची घंटा वाजली. लेक तासभर आधीच हजर! हातात पिशवी, पिशवीत हा एवढा लाल भोपळा, दगडासारख्या पाठीचा. त्या गडबडीत नखाचं राहूनच गेलं.

लेक टेबलाशी बसली, हाताची घडी घालून. जपूनराव दाराजवळच्या स्टुलावर. त्यांच्या खिशात कापसाची गुंडाळी आणि मलमाची नळी होती, मला फुगवटा दिसत होता.

पहिला कांदा. मी त्यात उतरलेच नाही, नुसती दाबत राहिले. बाईंचा हात थांबला. त्यांना तिथेच कळलं. माझ्या मुठीवरची त्यांची पकड बदलली, ती मी ओळखली.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या.

जपूनराव खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यानेच बाई काय ते समजल्या.

पण बोलणार काय? "सुरी बोथट आहे" म्हणाल्या असत्या तर लेक म्हणाली असती, डोळ्यांचं खापर आता सुरीवर. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि जोर वाढवला. कांदा चिरण्याऐवजी चेंगरत होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, डोळ्यांना त्रास होतोय ना?"

"कांदा आहे. पाणी येणारच," बाई म्हणाल्या. खोटं! माझ्या धारेखालच्या कांद्याने त्यांच्या डोळ्यांत कधी एवढं पाणी आलं नव्हतं.

मग गाजर. एका तुकड्यावर मी सटकलेच. पेरांच्या केसभर अलीकडून फळीवर आदळले. खट्ट! जपूनराव स्टुलावरून अर्धे उठले. बाईंनी श्वास घेतला आणि पुढचा तुकडा धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

राहिला भोपळा. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मला उचललं आणि परत खाली ठेवलं.

"हा आज नको करू या," त्या म्हणाल्या.

"का? जमत नाहीये ना?" लेक उठली. "आई, हट्ट पुरे झाला. किती वेळ बघतेय मी. सरक, दे ती सुरी. मी चिरते."

"अगं, थांब, ती—"

"दे म्हणतेय ना!"

लेकीने मला हिसकावलंच. सरळ नजर, चांगले डोळे, तरुण हात. भोपळ्यावर मला टेकवलं आणि सगळा भार घातला. मी सालीवर क्षणभर अडले. अडून राहण्याचा जिवापाड प्रयत्न केला, शपथेवर सांगते. नाही राहता आलं. सटकले, आणि तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसले.

लेक किंचाळली. फळीवर रक्त, भोपळ्यावर रक्त, माझ्यावर रक्त. जपूनराव जागीच खिळले, कापूस त्यांच्या खिशातच राहिला. हलल्या त्या बाई. आवाजाच्या रोखाने दोन पावलं टाकली, लेकीचं मनगट धरलं, नळाखाली धुतलं, स्वच्छ फडका दाबून हात वर उचलून धरला. "दाबून ठेव. बघू नकोस. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होतीस तेव्हा आठ आण्याएवढी जखम होती आणि केवढा गोंधळ घातला होतास! कापूस आणा हो. खिशातला."

कापूस आणता आणता जपूनरावांचा बांध फुटला. "मी केलं. काल मी तिची धार घालवली. ओट्यावर घासून."

"काय?" लेक म्हणाली. "बाबा, कशासाठी?"

"तुझ्या आईला लागू नये म्हणून गं!"

पट्टी बांधून झाली, गाठ मारून झाली. मग बाईंनी मान तिरकी करून नवऱ्याचा चेहरा कडेने शोधला.

"डोळे गेले ते माझ्या नशिबाने गेले," त्या म्हणाल्या. "त्याचं मी कोणाला बोलले नाही. पण हात शाबूत होते माझे. ते तुम्ही काढून घ्यायला निघालात. मला न विचारता."

जपूनराव रडले. मोठ्याने, नाक ओढत रडले. तोवर मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

"रडणं नंतर," बाई म्हणाल्या. "तो जुना चिनी मातीचा कप आणा. उपडा ठेवा. बुडाची कड खरखरीत असते, तिच्यावर घासा. तुम्ही बिघडवलीत, तुम्हीच करा. पाठ बोटभर उचला. दाबू नका. हं, आता ओढा." त्यांच्या हातावर आपला हात ठेवून बाई मला कपाच्या कडेवरून ओढत होत्या. इकडून वीस, तिकडून वीस, परत इकडून. लागत होतं मला, पण ते दुखणं बरं होण्याचं होतं.

मग नखावर टेकवलं. रुतले! भोपळा फडक्यावर बसवून बाईंनी मला त्याच्या पाठीत उतरवलं, आणि मी गुमान खालपर्यंत गेले. बोटं मागे, मी मागे. फोडी एकीला एक लागून पडत गेल्या. लेक आईच्या बोटांकडे बघत होती, बांधलेला हात छातीशी धरून.

"तुला कसं कळतं गं, बोट कुठे आहे ते?" तिने विचारलं.

"इकडे ये. तुझा चांगला हात दे," बाई म्हणाल्या.

जेवणं झाली. डब्याचं कोणी काढलं नाही. लेक बांधलेला हात सांभाळत आपल्या घरी गेली. पुढच्या रविवारी ती आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपल्या घरची सुरी घेऊन. "बाबा, हिला जरा धार लावून द्या," म्हणाली. बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग फडक्याने डोळे पुसले.

याला आता सहा वर्षं झाली. बाईंना कडेचंही फारसं दिसत नाही. दर रविवारी कपावर घासून घासून माझं पातं झिजलंय, पेरांच्या खाली आलंय. आता मी बाईंच्या बोटांना पुरेशी राहिले नाही, हे मीच कबूल करते. म्हणून उद्या तिघं दुकानात जाणार आहेत. मलाही नेणार, कापडात गुंडाळून. नवी सुरी एका हातात, मी दुसऱ्या हातात, असं तोलून बाई तिला निवडणार.

वाईट वाटतं, का नाही वाटणार? पण तुम्हाला एवढंच सांगते: माझ्यासारखीला घरी नेलंत तर मायेपोटीसुद्धा बोथट करू नका, आणि हात शाबूत असलेल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याला आधी विचारा.

आज दुपारी जपूनराव लेकीशी फोनवर बोलत होते. "उद्या जिना जपून उतर हं," वगैरे नेहमीचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दुकानदाराला नीट विचारून घे, धार किती दिवस टिकते ते."